डाव्या हाताची माफी

आतोब्राच्या घरी आलेलं पत्र उत्तराविना राहत नसे. विमा कंपनीचं असो, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं असो, की पेन्शन कचेरीचं छापील चिठोरं असो, तो खुर्ची टेबलाशी ओढायचा, चष्मा पुसायचा आणि ‘आपलं पत्र मिळालं’ इथून सुरुवात करायचा. एकच पत्र तेवढं राहिलं होतं. ते त्याने शब्दकोशात घालून ठेवलं, आणि तेव्हापासून त्याला स्वतःचाच शब्दकोश उघडायची चोरी झाली.

पत्र बोआदूचं होतं. बोआदू दोन घरांपलीकडे राहायचा. दर शनिवारी दोघं आंब्याखाली दामे या सोंगट्यांच्या खेळाचा पट मांडून बसत. तरी त्याने पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि पोस्टात टाकलं. बेपोसोच्या राजाचा तो ओच्यामे. राजा हळू बोलणार, आणि ते सजवून, म्हणीत गुंफून लोकांच्या कानी घालणार ओच्यामे. राजाचं तोंडच म्हणा ना. अशा माणसाने कागदावर मात्र मोजून चार ओळी लिहिल्या होत्या.

‘माझ्या थोरल्या भावाला कुमासीच्या मोठ्या हॉस्पिटलात नळ्या लावून ठेवलेलं आपण दोघांनी पाहिलं. माझ्यावर तशी पाळी आली आणि मला बोलता येईनासं झालं, तर माझ्या वतीने तू बोलावंस. माझ्या भाच्याला, यियादोमला, जमणार नाही. त्याचा माझ्यावर जीव आहे, म्हणून तो मला सोडणार नाही. तू माझा ओच्यामे होशील का? लेखी कळव.’

धडधाकट माणसाने आपल्या मरणाची भाषा करू नये, ते ऐकत बसलेलं असतं, असं आमच्याकडे मानतात. पण आतोब्रा त्यासाठी थांबला नव्हता. त्याची उभी हयात कोर्टात दुभाष्या म्हणून गेली. साक्षीदार बोलला की हा बोलायचा, साक्षीदार गप्प की हा गप्प. आता बोआदू म्हणत होता, मी गप्प झालो की तू बोल. हे त्याच्या धंद्यातच बसत नव्हतं. शिवाय स्वतःच्या मनात काय आहे हेसुद्धा त्याला त्याची बायको सांगायची, आणि ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते तो कुठून सांगणार? त्याने उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. ‘माझ्यापेक्षा लायक कोणी’ असं काहीतरी लिहिलं आणि तेही फाडून टाकलं.

बोआदूने पुन्हा विचारलं नाही. ओच्यामे एकदा टाकलेला शब्द परत उचलत नाही. फक्त शनिवारी पटावर आतोब्राचा हात आखडला की तो म्हणायचा, “तुझी पाळी आहे. कधीचा थांबलोय मी.” हे पटाबद्दल की पत्राबद्दल, हे आतोब्राला कळायचं नाही. कळून घ्यायचंही नसायचं.

कोको सोलायच्या दिवसांत एका सकाळी बोआदू खांद्यावर कापड घेता घेता खाली बसला तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शुक्रवारी त्याची बायको सेरवा हॉस्पिटलातून कपडे न्यायला घरी आली, आणि तशीच आतोब्राच्या दारात येऊन उभी राहिली.

“भावोजी, चला. डॉक्टरीणबाईंना दुभाष्या हवाय,” ती म्हणाली. मग पायरीवर टेकली. “त्यांनी तुम्हाला पत्र टाकलं होतं ना? पोस्टात मीच नेऊन दिलं. म्हटलं, अहो, दोन घरांवर राहतात ते, हातात द्या की. तर म्हणाले, तोंडी विचारलं तर तो ‘यो’ म्हणेल आणि घरी जाऊन झोपेल.”

आतोब्राने टोपी शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली.

‘यो’ हा आमच्या बोलण्यातला सगळ्यात स्वस्त शब्द. म्हणजे बरं. म्हणजे ऐकलं. म्हणजे असू दे, बघू, येतो आता. बायको बोलत असते तेव्हा नवरा अधूनमधून टाकतो तोही ‘यो’च. कोर्टात न्यायाधीश विचारायचे, आरोप कबूल आहे का? पिंजऱ्यातला माणूस अदबीने म्हणायचा, यो. आतोब्राला त्याचं इंग्रजी करायचं असे, आणि त्यातल्या काहींना नुसतं ‘ऐकलं’ म्हणायचं होतं की काय, ही शंका त्याला पेन्शनीत निघाल्यावरही सोडत नव्हती.

आणि आता बोआदूच्या तोंडात एवढा एकच शब्द उरला होता.

तालुक्याच्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीलगतच्या खाटेवर तो पडला होता. ओठाची उजवी कड खाली ओघळलेली. नाकातून नळी गेलेली, गालावर पट्टीने चिकटवलेली. उजवा हात पोटावर दुसऱ्या कोणाचा ठेवावा तसा पडलेला. डावा हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेला. आतोब्राला पाहून त्याचे डोळे हलले.

“यो,” बोआदू म्हणाला.

त्याचा भाचा यियादोम उशाशी उभा होता. कुमासीत मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, चार माणसांत एकटाच बोलणारा गडी. पण त्या दिवशी त्याचे डोळे सुजलेले होते. आमच्याकडे बापापेक्षा मामा जवळचा. बहिणीच्या मुलानेच मामाचं सगळं पुढे चालवायचं असतं. आणि या मामाने तर त्याला लहानपणापासून खांद्यावर वाढवलेलं.

“काका, तुम्हीच सांगा मी काय करू,” तो म्हणाला. “बाईंनी विचारलं, नळी घालू? मामा म्हणाले, यो. विचारलं, कुमासीला नेऊन पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवू? म्हणाले, यो. आणि बाईंची पाठ वळली की नळी उपसून फेकतात. आता कोणत्या मामाचं ऐकू? बोलणाऱ्याचं की उपसणाऱ्याचं?”

हात म्हणूनच बांधला होता. आणि आणखीही एक कारण घडलं होतं, ते सेरवाने बाहेर नेऊन सांगितलं. घराण्याचे मुख्य भेटायला आले, तेव्हा बोआदूने त्यांच्या तोंडासमोर डावा हात नेला. नुसता नेला नाही, हलवला. म्हातारा ताडकन उठला. वडीलधाऱ्याला डाव्या हाताने साधा काडेपेटीचा खोका देणं म्हणजेसुद्धा आमच्याकडे थोबाडीत देणं. बापाच्या गावची वाट डाव्या हाताने दाखवू नये, हे पोर बोलायला शिकतं तेव्हाच शिकतं. म्हातारा म्हणाला, दरबारात ज्याचा डावा हात उभ्या जन्मात कुणाला कापडाबाहेर दिसला नाही, त्याने हे केलं, म्हणजे तो आपला बोआदू नव्हे. डोकं गेलं त्याचं. आता त्याला काय विचारायचं? घराण्याने ठरवायचं. आणि घराण्याने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कुमासीला निघायची होती.

डॉक्टरीणबाईंचं नाव सेलोर्म. त्या व्होल्टा नदीपलीकडच्या. आमची भाषा त्यांना यायची, पण बाजारहाट करण्यापुरती. त्यांनी आतोब्राला आपल्या छोट्या खोलीत बसवलं आणि सावकाश सगळं सांगितलं. मेंदूचा बोलण्याचा भाग गेलाय. मान हलवतात, पण हो आणि नाही यांची सरमिसळ होते. पेन दिलं तर रेघोट्या येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून पाहिलं होतं, कळत असेल तर हात वर करा. उजवा हलणार नव्हता, आणि डावा त्यांनी केला नाही. म्हणून कागदावर लिहावं लागलं की सांगितलेलं समजत नाही.

“पण माझी खात्री नाही,” त्या म्हणाल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्याला नाना म्हणतात, तसं त्याही बोआदूला नाना म्हणत. “मोठ्या माणसाला कळतंय, असंच धरून चालायचं असतं. कळत नाही हे दिसेपर्यंत. कायदा तेच म्हणतो, आणि मला शिकवणाऱ्या बाईही तेच म्हणायच्या. त्यांचं तोंड हो म्हणतंय आणि हात नाही म्हणतोय. यातलं नानांचं कोणतं, एवढंच मला हवंय. हात खरा असेल तर मी त्यांना कुमासीला पाठवू शकत नाही. घराण्याने कितीही सह्या करू देत.”

“मी शब्दांचा दुभाष्या आहे, बाई,” आतोब्रा म्हणाला. “इथे शब्दच नाहीत.”

“एक आहे.”

“तोच घात करतोय.”

बाई किंचित हसल्या आणि म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत बसून तर पाहा.

तो खाटेशी बसला. हात सोडायला सांगितला. नर्सने कुरकुर केली, पण सोडला, आणि नळीवर नजर ठेवून शेजारीच उभी राहिली. बोआदूचा हात नळीकडे गेला नाही. आधी तो मनगटात थोडा फिरला, बांधून ठेवलेलं जनावर सोडल्यावर अंग झाडतं तसा. मग पोटावरच्या उजव्या हाताकडे गेला. त्याने ते लुळं मनगट धरलं, जरासं उचललं, हळूच खाली ठेवलं. मान खाली गेली. आणि मग तो हात आतोब्राकडे वळला, मग दाराकडे, मग पुन्हा आतोब्राकडे.

“यो,” बोआदू म्हणाला. “यो, यो.”

“हे असंच चालतं,” नर्स म्हणाली. “गेलेल्या हाताशी खेळत बसतात.”

आतोब्राने पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. मनगट उचलायचं, ठेवायचं, मान झुकवायची, मग बोट. दारात काय आहे? घर? की बाहेर बसलेली सेरवा? की नुसतं ऊन? तो जितकं पाहत गेला तितकं त्याला वाटत गेलं की आपण मनाचं काहीतरी लावतोय. मित्र आहे म्हणून हातात अर्थ दिसतोय. कोर्टात असं कुणी केलं असतं तर न्यायाधीशाने हाकललं असतं. मनोमन त्याने वाक्यही तयार करून ठेवलं, बाई, मला काही सांगता येत नाही, माफ करा. हे वाक्य त्याला आयुष्यभर फार सोपं गेलं होतं.

दुपारी उकाडा वाढला. बोआदूने आतोब्राचा उजवा हात आपल्या डाव्या मुठीत धरून ठेवला होता, आणि ती पकड काही सैल होईना. नर्सने पाण्याची पिशवी पुढे केली. वयाने ती त्याच्या नातीएवढी, पण रिवाज तो रिवाज. आतोब्राने डावा हात पुढे केला, पिशवी घेण्याआधी त्याच हाताने आपल्या अडकलेल्या उजव्या दंडाला सहज स्पर्श केला, मान जराशी झुकवली आणि म्हणाला, “सेबे, डावा हात आहे.”

‘सेबे’ म्हणजे माफी असावी. असं म्हटलं की डाव्याचा दोष जातो. माणूस दिवसातून कितीदा म्हणतो, त्याचं त्यालाही ऐकू येत नाही.

आतोब्राला ते ऐकू आलं.

पिशवी त्याच्या हातातच राहिली. कोपरा फाडलेला होता, पाणी विजारीवर सांडत होतं. नर्स म्हणाली, नाना, सांडतंय. त्याचं लक्ष नव्हतं. तो खाटेवरच्या त्या दोन हातांकडे पाहत होता, एका जिवंत आणि एका गेलेल्या. गेलेल्या हाताला आधी शिवायचं, जसं काही त्याची परवानगी मागायची. मान झुकवायची. आणि मगच डावा हात माणसापुढे आणायचा. बोआदू खेळत नव्हता. बोआदू दर वेळी, प्रत्येकाची, माफी मागत होता. नळीने नाक सोललेलं, वाचा गेलेली, अर्धं अंग धोंडा झालेलं, आणि त्याच्या आत कुठेतरी तो दरबारातला ओच्यामे ताठ बसलेला होता. आधी माफी, मग म्हणणं. पहिल्या दिवशी बाईंपुढे त्याने हात वर केला नाही, तो कळलं नाही म्हणून नव्हे. परक्या बाईपुढे डावा हात कसा करायचा, म्हणून.

आतोब्राच्या अंगावर काटा आला. चर्चमध्ये त्याला असं कधी झालं नव्हतं, आणि तो दर रविवारी जायचा.

तो अडखळत बाईंच्या खोलीत गेला, आणि काय सांगितलं ते त्याचं त्यालाच धड कळलं नाही. दोनदा त्याने ‘माझी चूक असेल’ म्हटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“माझ्या आजीपुढे मीही असंच करते,” त्या हळूच म्हणाल्या. “ही माफी कशी काय दिसली नाही मला?”

वॉर्डात येऊन त्यांनी सगळ्यांना ते सांगितलं आणि त्या खाटेपुढे उभ्या राहिल्या. बोआदूने मनगट उचललं, ठेवलं, मान झुकवली, मग हात पुढे केला. बाईंनी मागे सरून यियादोमला पुढे ढकललं. या वेळी हात थेट उठला, भाच्याच्या छातीवर टेकला आणि दाराकडे वळला. मनगट नाही, मान नाही, काही नाही. बाईंनी सेरवाच्या थोरल्या भावाला, बाहेर बाकावर पेंगत असलेल्या म्हाताऱ्याला, आत बोलावून आणलं. पुन्हा मनगट, पुन्हा मान.

यियादोमने विचारलं, “माझी का नाही मागितली माफी?”

“भाचा ना रे तू?” सेरवा म्हणाली. “तुझी कसली मागायची? पाळण्यात तुझं गू-मूत काढलंय त्या हाताने.”

समोर कोण आहे, तो आपला कोण, त्याचा मान काय, हे सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. एका हातावर जेवढं सांगता येईल तेवढं तो सांगत होता, आणि आठवडाभर सगळ्यांनी मिळून तो हात बांधून ठेवला होता.

बाई मात्र घाईत नव्हत्या. माणूस ओळखणं वेगळं आणि काय होणार हे समजून ठरवणं वेगळं, त्या म्हणाल्या. ज्याला ‘यो’ म्हणून उत्तर देता येईल असं काहीच नानांना विचारायचं नाही. त्यांनी सेरवाच्या डोक्याचा रुमाल मागून घेतला आणि यियादोमच्या गाडीची किल्ली. रुमाल म्हणजे घर. किल्ली म्हणजे कुमासी आणि नळी. आतोब्राने ते बोआदूला समजावून सांगितलं. दोन्ही वस्तू पांघरुणावर ठेवल्या. हात रुमालावर गेला. जागा बदलून ठेवल्या. हात रुमालावरच गेला. मध्ये चहाचा वेळ जाऊ दिला, पुन्हा विचारलं, उलट्या क्रमाने. रुमाल. तोंड मात्र दोन्हींना इमानाने ‘यो’ म्हणत होतं, आणि शेवटी शेवटी बोआदू त्या शब्दावर असा वैतागला की त्याने स्वतःच्याच ओठांवर हात ठेवला. सेरवाला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी.

आता शेवटचं, बाई म्हणाल्या. त्या आतोब्राकडे पाहत इंग्रजीत बोलल्या. नळी काढली तर तोंडाने पुरेसं जाणार नाही. घास श्वासात अडकू शकतो. त्यातच तुम्ही जाल, कदाचित लवकरच. हे समजून घरी जायचं म्हणताय का?

आमच्या भाषेत मरणाला गुळगुळीत शब्द पुष्कळ. राजा तर मरतच नाही, गावाला जातो. आतोब्राला ते सगळे पाठ होते. त्याच्या ओठांवर त्यांतला एक आलाही होता. त्याने बोआदूच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, “नळी नसली तर तू मरशील. घरी. लवकर. बाई विचारतात, तुला हे कळतंय का?”

बोआदू ‘यो’ म्हणाला नाही. त्याने ओठ मिटून घेतले. हात उशाजवळच्या पाण्याच्या पिशवीकडे गेला, ती उचलली, आणि तिथेच थांबला. पिशवी हवेत धरून तो कितीतरी वेळ विचार करत राहिला. सगळ्यांना वाटलं, विसरला. मग त्याने ती यियादोमकडे केली. यियादोमने घेतली, मामांना तहान लागलीय म्हणून त्यांच्या तोंडाकडे नेऊ लागला. बोआदूने त्याचं मनगट पकडलं. भाच्याचं उजवं मनगट. पकडून त्याने तो हात खाटेबाहेर ओढला, जमिनीवर आणला आणि उपडा केला.

पाण्याची धार फरशीवर पडली.

पूर्वजांना पाणी देताना डावा हात चालत नाही. त्याला माफीही नाही. ती एक गोष्ट अशी, की जिथे सेबे म्हणूनही भागत नाही. बोआदूजवळ उजवा हात नव्हता, म्हणून त्याने आपल्या रक्ताचा एक उजवा हात मागून घेतला. पाणी थोडं पडू दिलं, हात थांबवला, पुन्हा थोडं पडू दिलं. दरबारात तो पाणी द्यायचा तेव्हा प्रत्येक थांब्यावर एकेका गेलेल्याचं नाव घ्यायचा. आता नावं नव्हती, थांबे होते. नावांच्या जागी त्याचे ओठ हलत होते. पहिलं नाव आजीचं असणार, मग आईचं, मग कुमासीत नळ्या लावून गेलेल्या भावाचं. येतोय म्हणून तो त्यांना कळवत होता. पुढच्या खाटांवरचे रोगीसुद्धा उठून बसले. एकाने टोपी काढली.

नर्स पुसायला फडकं घेऊन आली होती. ती फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

यियादोमने हात सोडवून घेतला नाही. पिशवी रिकामी झाली तरी तो वाकून तसाच राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते. मग त्याने नाक पुसलं आणि किल्ली खिशात घातली.

“मुख्यांना मी सांगतो,” तो म्हणाला. “त्यांना राग आला तर येऊ दे. गाडी घरी जाईल.”

बाईंनी त्यांच्या कागदावर बराच वेळ लिहिलं. नळी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. चमच्याने कसं भरवायचं, मान कशी धरायची, तोंड कसं ओलं ठेवायचं, दुखलं तर कोणतं औषध किती, हे सेरवाला दाखवलं. आणि मग त्या म्हणाल्या की अजून एक राहिलं. आज हात बोलतोय. पुढे ताप येईल, झोप वाढेल, एक दिवस हा हातही उचलणार नाही. तेव्हा पुन्हा कुणी ना कुणी म्हणेल, न्या कुमासीला. त्या दिवशी नानांच्या वतीने कोण बोलणार, हे नानांनीच आत्ता सांगितलेलं बरं.

बोआदूने मनगट उचललं. सावकाश खाली ठेवलं. मान या वेळी सगळ्यांत जास्त झुकवली, राजापुढे झुकवतात तशी. आणि हात आतोब्राकडे केला.

पटाशी बसून दोघांनी उजव्या-डाव्या कुठल्याही हाताने सोंगट्या मारल्या होत्या, कोलानट फोडून एकमेकांच्या तोंडात घातले होते. त्यांच्यात कधी सेबे नव्हतं. आज होतं. आज तो मित्राशी बोलत नव्हता, मागणं मागत होता. तेच, पत्रातलंच.

सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याला सांगायचं होतं की मी घाबरट माणूस आहे, तुझे डोळे मिटलेले असताना तुझ्या भाच्यापुढे, तुझ्या घराण्यापुढे मला ठाम उभं राहता यायचं नाही. हात हलतोय तोवर मी तो वाचून दाखवेन, पण त्यानंतर मी कशाचा दुभाष्या? त्याने तोंड उघडलं.

“यो,” आतोब्रा म्हणाला.

बोआदूच्या ओठाची डावी कड वर गेली. घशातून घरघर आली, आणि ती हसण्याची होती यात कुणालाच शंका राहिली नाही. सेरवा म्हणाली, “बघा. अगदी हेच म्हणाले होते ते.”

बोआदू घरी आला. अंगणात सावलीला त्याची खाट टाकली. सेरवा त्याला चमच्याने पातळ सूप भरवायची, चाराचे दोन घास जायचे, दोनाचा एक, आणि ती पदराने त्याचं तोंड पुसून म्हणायची, राजाला नखरे दाखवायचे, मला नाही. घराण्याचे मुख्य येऊन गेले. बोआदूने त्यांची माफी मागितली, आणि या वेळी त्यांनी ती डोळे उघडे ठेवून पाहिली. बराच वेळ बसले. जाताना त्यांनी त्याचा तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गावात कुणी तसं करताना आतोब्राने कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी, खाट आत घेतल्यावर, आतोब्राने तिच्यावरच पट मांडला. बोआदू हरला. दोन चालींनंतरच थकला होता. मिटल्या डोळ्यांनी पडून राहिला, आणि आतोब्रा त्याच्याकडे बघत बसला. हात पांघरुणावर निश्चल होता. तो काहीच म्हणत नव्हता. आणि तरी आतोब्राला कळत होतं की खिडकी उघडी हवी, की दिवा नको, की सेरवाला आता थोडं झोपू द्यायला हवं. खरंच कळत होतं की तो पुन्हा मनाचंच लावत होता, ते त्याला ठरवता येईना. पण तो उठला आणि त्याने खिडकी उघडली.

घरी येऊन त्याने शब्दकोश उघडला, पत्र बाहेर काढलं आणि टेबलाशी बसला. पहिल्या कागदावर नकळत ‘यो’ लिहिलं गेलं, तो त्याने चुरगळला. दुसरा फार लांबला, त्यात सगळी कारणंच होती. शेवटी जे लिहिलं ते असं होतं:

‘प्रिय बोआदू, तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. मला कबूल आहे. तुला बोलता येणार नाही तेव्हा तुझ्या वतीने मी बोलेन, यियादोमपुढे, मुख्यांपुढे, डॉक्टरांपुढे. माझं चुकेल. चुकलं तर मी वर आल्यावर शिव्या घाल, मी त्यांचा तंतोतंत अनुवाद करीन. तुझा ओच्यामे, आतोब्रा.’

सोमवारी तो पोस्टात गेला. खिडकीतल्या बाईने पाकिटावरचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

“नाना, हे तर तुमच्या दोन घरांवरचं. तिकिटाचे पैसे कशाला घालवता? जाता जाता देऊन टाका की.”

“नाही,” आतोब्रा म्हणाला. “त्याने लेखी मागितलंय. शिक्का नीट उठू दे, तारीख वाचता यायला हवी.”

बाईने शिक्का मारला, फुंकर घातली आणि पाकीट त्याला दाखवलं. तारीख स्वच्छ उठली होती. त्याने मान हलवली, आणि तिने ते मागच्या टोपलीत टाकलं.